थ्री नॉट थ्रीचा तक्ता: कामाच्या नोंदी

१२ ऑक्टोबर २०२४, दसरा

मुख्यालयात शस्त्रपूजन होतं. बाबा आर्मोरर हवालदार (पोलिसांची शस्त्रं दुरुस्त करणारे) म्हणून निवृत्त झाले त्याला दहा वर्षं झाली, तरी दर दसऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून जातात. यंदा मीही गेले. पूजेनंतर आर.पी.आय. (राखीव पोलीस निरीक्षक) साहेबांनी बाबांना बाजूला घेतलं. जानेवारीत पोलीस रेझिंग डेचा सप्ताह असतो, शाळांची मुलं शस्त्रं बघायला येतात, तेव्हा जुन्या रायफलींच्या टेबलामागे लावायला एक नीट तक्ता करून द्या म्हणाले. बाबा "हो साहेब" म्हणाले आणि गाडीत बसल्याबसल्या ते काम माझ्या गळ्यात टाकलं. मी पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवते, एवढंच माझं भांडवल.

विषय मात्र त्यांचाच. गेल्या वर्षी सातवी-आठवीतल्या एका मुलाने थ्री नॉट थ्रीकडे, म्हणजे .३०३ काडतुसाच्या जुन्या रायफलीकडे, बोट दाखवून विचारलं होतं, "ही आता चालते का?" ड्युटीवरचा तरुण शिपाई म्हणाला, "छे, शोपीस आहे." बाबा शेजारीच उभे होते. तिथे काही बोलले नाहीत. घरी येऊन मात्र आठवडाभर बोलत होते.

तेव्हा तक्त्याला उत्तर द्यायचंय ते त्या मुलाच्या प्रश्नाला. जुनी लष्करी रायफल आज कामाची आहे का? आणि कोणाच्या कामाची?

(पूजेत बोल्टवर, म्हणजे दर गोळीमागे हाताने ओढायच्या खिळीवर, हळदकुंकू आणि वर पाणी पडलं होतं. बाबांनी खिशातला रुमाल काढून तिथेच पुसलं. भटजी बघतच राहिले.)

२० ऑक्टोबर

कोतात, म्हणजे मुख्यालयाच्या शस्त्रागारात, दोन तास मिळाले. आधी नावांचा घोळ सोडवला. इथे लाकडी दस्त्याची बोल्टवाली प्रत्येक रायफल म्हणजे थ्री नॉट थ्री. प्रत्यक्षात टेबलावर येणार आहेत तीन वेगळ्या वस्तू.

पहिली खरी .३०३. ब्रिटिशांनी १९०७ साली स्वीकारलेल्या शॉर्ट मॅगझीन ली-एनफील्ड मार्क ३ ची पुढची, थोडी सोपी केलेली आवृत्ती. हिच्यावर मुकुट, जी.आर.आय. (ब्रिटिश राजाची आद्याक्षरं), इशापूर आणि १९४२ असं कोरलंय. बंगालातल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली. आता ती डी.पी., म्हणजे फक्त कवायतीची. चेंबरला (काडतूस बसायच्या जागेला) भोक पाडलेलं आणि फायरिंग पिन काढलेली. मागची साइट २००० यार्डांपर्यंत आखलेली आहे. बाबा म्हणाले, "दोन हजार यार्डांवर एक माणूस नाही टिपायचा. तिकडे जमाव दिसला की सगळ्या तुकडीने मिळून पाऊस पाडायचा, त्यासाठी ते आकडे."

दुसरी दिसायला तिची जुळी बहीण, पण मॅगझीन (गोळ्यांचा कप्पा) चौकोनी, दहाऐवजी बारा गोळ्यांचं, आणि साइट ८०० मीटरवर संपते. ही इशापूर २ए१. काडतूस ७.६२ मिलिमीटरचं. बासष्टच्या युद्धात आपल्या जवानांच्या हातात बोल्ट ओढायची रायफल होती आणि समोर आपोआप भरणाऱ्या. त्या धक्क्यातून इशापूरला दोन कामं झाली. एक म्हणजे एस.एल.आर., आपोआप भरणारी रायफल, आणि दुसरं म्हणजे जुन्याच ली-एनफील्डला चांगलं पोलाद वापरून नव्या काडतुसासाठी घडवणं. दुसरं काम मला जास्त आवडलं. तोवर नाटो देशांनीही बोल्ट बाजूला ठेवला होता, आणि आपण साठच्या दशकात नव्या बोल्ट-ॲक्शन लष्करी रायफली बनवत होतो. अडाणीपणा म्हणा किंवा काटकसर. मी काटकसर म्हणते: दोन प्रकारच्या रायफली चालतील, दोन प्रकारची काडतुसं नकोत.

तिसरी .४१० मस्कट. ही त्याच एनफील्डची नळी आतून गुळगुळीत करून, मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवून केलेली एकेरी बंदूक, पोलीस आणि तुरुंगांच्या पहारेकऱ्यांसाठी. राज्यकर्त्याने आपल्याच शिपायाच्या हातातलं हत्यार मुद्दाम अधू केलं, त्याचा हा पुरावा. तक्त्यात एक ओळ द्यायची.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

काम शून्य. दादाने ओवाळणीत डिजिटल वजनकाटा दिला, मी सांगितलं होतं म्हणून. वहिनीला वाटलं केकसाठी.

१० नोव्हेंबर

बाबांकडून साफसफाईचा भाग लिहून घेतला. जुन्या .३०३ काडतुसात पावडर नसायची, कॉर्डाइटच्या काड्या असायच्या, अगदी शेवयांसारख्या. बुडाच्या टोपीत असा क्षार की गोळी सुटल्यावर तो नळीत मिठासारखा बसायचा आणि दमट हवेत रात्रीतून गंज धरायचा. तेलाने मीठ जात नाही. म्हणून फायरिंगवरून आलं की चेंबरमध्ये नरसाळं लावून उकळतं पाणी ओतायचं, मग चिंधी, मग तेल. बाबांच्या पहिल्या पोस्टिंगला, रत्नागिरीत, त्यासाठी चुलीवर वेगळी किटली होती. तिचा चहा करायचा नाही असा नियम होता आणि तो रोज मोडायचा.

कोकणातली दुसरी अडचण लाकडाची. एनफील्डची नळी जवळजवळ तोंडापर्यंत लाकडात बसवलेली असते. आषाढात लाकूड फुगतं, नळीला कुठेतरी दाबतं आणि मे महिन्यात बरोबर लागणारी रायफल जुलैत वर नाहीतर डावीकडे मारू लागते. बाबा जवसाचं तेल पाजून ते आवरायचे, पण पूर्ण आवरायचं नाही. आजच्या रायफलीत नळी मोकळी ठेवतात किंवा दस्ता प्लास्टिकचा करतात, त्यामागे हीच डोकेदुखी आहे. बाबांना प्लास्टिक आवडत नाही, पण हा मुद्दा त्यांनी गुपचूप मान्य केला.

काडतुसांच्या बुडावर बहुतेक ठिकाणी 'के.एफ.' असायचं, म्हणजे आपली खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तक्त्यासाठी हा दुवा घ्यायचाच. इथल्या मुलांना इशापूर लांब वाटेल, खडकी नाही वाटणार.

१७ नोव्हेंबर

निवडणुकीचा बंदोबस्त सुरू आहे. कोतात पाय ठेवायला जागा नाही, लोकांची परवान्याची शस्त्रं जमा झालीत. घरी बसून आकडेमोड केली.

माझा समज होता की नवी म्हणजे हलकी. तसं काही नाही. रिकामी .३०३ चार किलोच्या थोडी आत, आपल्याकडची नंतरची इन्सास रायफलही चारच्या आसपास, अमेठीजवळ कोरव्याला बनणारी ए.के.-२०३ तीन किलो आठशेच्या घरात. फरक लांबीत आहे. .३०३ तब्बल ११३ सेंटिमीटर, बाकी दोन्ही मीटरच्या आत. जीपमधून उतरताना, जिन्यात वळताना हाच फरक नडतो.

दुसरा फरक काडतुसात. .३०३ चं एक साधारण २५ ग्रॅमचं, इन्सासचं ५.५६ त्याच्या निम्मं. शंभर गोळ्या उचलायच्या तर अडीच किलो की सव्वा, हा प्रश्न. मुलांना कळावं म्हणून नव्या काट्यावर साखरेच्या दोन पिशव्या भरल्या. टेबलावर त्याच ठेवणार. आकड्यापेक्षा हाताला लवकर कळतं.

मार मात्र जुनीचा मोठा. ११.३ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७४४ मीटरने निघते. गणित मांडलं तर ऊर्जा ३१०० ज्यूलच्या वर. ए.के. घराण्याच्या ७.६२ बाय ३९ ची दोन हजारांच्या आसपास. मग जगाने लहान काडतूस का घेतलं? अमेरिकेत १९५२ साली नॉर्मन हिचमन यांच्या अभ्यासाने दाखवलं की पायदळाची बहुतेक गोळाबारी ३०० यार्डांच्या आतच होते. म्हणजे सैनिक हजार यार्डांची ताकद खांद्यावर वाहत होता आणि वापरत होता तीनशेची. उरलेल्या ताकदीचा धक्का खांद्याला आणि वजन पाठीला.

पोलिसांसाठी तर ही जास्तीची ताकद उलट घातक. बाजारात सुटलेली .३०३ ची गोळी ज्याला लागली त्याच्यापाशी थांबेलच असं नाही. बाबा म्हणाले, "जमावावर रायफल रोखली की मला माझ्या समोरच्याची नाही, त्याच्या मागच्याची भीती वाटायची."

२४ नोव्हेंबर

काल मतमोजणी संपली, आज कोत मोकळं. वेळ मोजायचा प्रयोग केला. डी.पी. रायफल, दहा ड्रिल राउंड (सरावाची नकली काडतुसं), ती एकदम मॅगझीनमध्ये भरायच्या पाच-पाचच्या दोन चार्जर क्लिपा आणि माझ्या मोबाइलचं घड्याळ. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्यांची अपेक्षा असे.

बाबा वय ६८, चष्मा, उजव्या खांद्याला दुखणं. एका मिनिटात बारा. (नेम धरल्याचं नाटकच म्हणा, पण रायफल खांद्यावरून खाली आली नाही.) मग इन्सासवर शिकलेला एक शिपाई बसला, वय पंचवीस, दंडात बेटकुळ्या. सहा! तो प्रत्येक वेळी रायफल खाली घेऊन, बोल्टकडे बघून ओढत होता. दुसऱ्यांदा चार्जर भरताना त्याने काडतुसं वाकडी रेटली आणि काठावर काठ अडकला. .३०३ च्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. वरच्याचा काठ खालच्याच्या मागे गेला की बोल्ट त्याला पुढे ढकलूच शकत नाही. क्लिपमध्ये ती एक वर एक खाली अशी का लावतात ते त्याला तेव्हा समजलं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

"काका, तुमची ही गाडी गियरची आहे," तो म्हणाला. बाबांना ते फारच आवडलं.

ली-एनफील्डच्या नावातले जे ली, त्यांच्या बोल्टची करामत कागदावर काढली. पकडीचे खाचे मागे असल्याने ओढ आखूड. दांडी साठ अंश उचलली की पुरे, जर्मन माउझर रायफलीला नव्वद लागतात. स्प्रिंग दाबली जाते ती बोल्ट पुढे ढकलताना, म्हणजे हात जोरात असतो तेव्हा. म्हणून बोल्टवाल्या लष्करी रायफलींत हिचा वेग वाखाणला जातो. पण बाराच्या शेजारी आजची रायफल ठेवली तर एका मॅगझीनमध्ये तीस गोळ्या, आणि दर गोळीमागे फक्त चाप ओढायचा.

मॅगझीनमधून शेवटचा राउंड वर यायला जरा कंटाळा करतो असं वाटलं. बाबा म्हणाले, तेल कमी आहे.

२६ नोव्हेंबर

आज हा भाग लिहायचा असं ठरवलं नव्हतं. तारखेने लिहायला लावला.

२००८ साली आजच्या रात्री सी.एस.टी. स्थानकात दोन अतिरेकी ए.के. घेऊन शिरले. पन्नासहून जास्त माणसं गेली. तिथल्या रेल्वेच्या जवानांकडे होत्या त्या मुख्यतः लाठ्या आणि थ्री नॉट थ्री. त्यानंतर कित्येक महिने वर्तमानपत्रांत वाक्य ठरलेलं होतं: ए.के.समोर ब्रिटिशांच्या काळची रायफल. वाक्य खोटं नव्हतं. पण आर.पी.एफ.चे (रेल्वे सुरक्षा दलाचे) जिल्लू यादव यांनी सहकाऱ्याच्या हातातली तीच रायफल घेऊन गोळ्या झाडल्या आणि मग प्लास्टिकची खुर्ची फेकून मारली, हेही त्याच रात्रीचं. आणि गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात तर रायफलही नव्हती.

बाबा त्या रात्री इथे, आमच्या जिल्ह्यात ड्युटीवर होते. वरून आदेश आला, कोतातली सगळी शस्त्रं आणि दारूगोळा मोजून ठेवा. मोजलं. आज मी पहिल्यांदाच विचारलं, तेव्हा काय वाटलं होतं?

बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रायफल चालली असती गं. स्टेशनातलं अंतर तिच्यासाठी काहीच नाही. पण माणसाने शेवटची गोळी कधी झाडली होती? आमच्याकडे वर्षाला मोजून गोळ्या मिळायच्या, एखाद्या वर्षी त्याही नाहीत. बारा मी कशाने मारल्या परवा? रोज बोल्ट ओढायचो म्हणून. ज्याने दोन वर्षांत ओढला नाही, त्याला एक गोळी मारून दुसरीसाठी हात हलवेपर्यंत समोरून दहा येतात."

ए.के.च्या बाबतीत सराव नसलेला माणूसही निदान चाप धरून ठेवू शकतो, असं मी म्हटलं. "हो, आणि गर्दीत काय होईल ते बघ," म्हणाले. दोघेही बरोबर होतो, त्यामुळे वाद पुढे गेला नाही.

तक्त्यावर हे कसं लिहायचं? सातवीच्या मुलांसाठी? अजून ठरलं नाही.

८ डिसेंबर

आज बाबांच्या बाजूचे पुरावे गोळा केले, त्यांना बरं वाटावं म्हणूनही.

कॅनडाच्या उत्तरेला बर्फात गस्त घालणारे रेंजर्स १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ली-एनफील्ड नंबर ४ वापरत होते, ते थेट गेल्या दशकापर्यंत. कारण सरळ आहे. कडाक्याच्या थंडीत तेल घट्ट होतं, आपोआप चालणाऱ्या रायफलीची यंत्रणा सुस्तावते. बोल्ट मात्र माणसाच्या हाताने ओढायचा, अडला तर जोर लावायचा. समोर शत्रू नाही, पांढरं अस्वल. त्याला तीस गोळ्या नकोत, एक जड गोळी हवी. ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या गाड्यांवरून फिरणारी डेन्मार्कची सिरियस गस्तही याच कारणाने अमेरिकेच्या १९१७ च्या एनफील्डवर विसंबत आली आहे. बाबांनी ग्रीनलंड नकाशात शोधलं.

मग दुसरी बाजू वाचून दाखवली. २०१८ च्या सुमारास रेंजर्सना सी-१९ मिळाली. फिनलंडच्या टिक्का रायफलीवर बेतलेली, कॅनडात बनलेली, गंज न धरणाऱ्या पोलादाची, .३०८ ची. गंमत अशी की तीही बोल्टवालीच! म्हणजे त्यांना बोल्ट जुना झाला असं वाटलं नाही; जुन्या रायफलींचे सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून बदलल्या.

बाबा उठून आत गेले आणि कपाटातून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. गेज, म्हणजे फट मोजायची मापं. त्यांचे स्वतःचे, सरकारी नव्हेत, हे दोनदा सांगितलं. काडतुसाचा काठ नळीवर जिथे टेकतो ती कड आणि बोल्टचं डोकं यांच्यातली फट .०६४ ते .०७४ इंचांत बसली पाहिजे. वापराने पकड झिजते, फट वाढते, आणि एका मर्यादेनंतर काडतूस बुडाशी फाटून गरम वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. उपाय म्हणजे बोल्टचं पुढचं डोकं बदलून बघायचं. पूर्वी नवी डोकी यायची. नंतर यायची बंद झाली, तेव्हा बाद झालेल्या रायफलींची काढून डब्यात ठेवायचे आणि एकेक बसवून बघायचे. "एका मढ्यावर दुसरं जगवायचं," म्हणाले. असं किती वर्षं चालणार याचं गणित त्यांनी केव्हाच केलेलं होतं. दसऱ्यापासून मला सांगितलं नव्हतं इतकंच.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनात .३०३ ला निरोप दिला, ही बातमी त्यांच्याकडे कापून ठेवलेली निघाली.

१५ डिसेंबर

शेजारचे काका विचारत होते, मग शेतात डुकरांसाठी एखादी जुनी .३०३ घेता येईल का? नाही. लष्करी काडतुसं साध्या परवान्यावर मिळत नाहीत, .३०३ आणि ७.६२ दोन्ही बंदी असलेल्या बोअरमध्ये (नळीच्या मापांत) येतात. म्हणून तर आपल्याकडे .३१५ जन्माला आली: तीच एनफील्डची ठेवण, काडतूस मात्र इथल्या सैन्याचं नाही, मॅगझीन पाच गोळ्यांचं. परदेशात हौशी लोक जुनी लष्करी रायफल घेऊन शिकार करतात, नेमबाजी करतात. 'कामाची आहे का' हा प्रश्न तिथे प्रत्यक्ष घरी विचारला जातो. इथे त्याचं उत्तर कायद्याने आधीच दिलंय. काका हिरमुसले. त्यांना सौरकुंपणाची माहिती दिली.

मात्र गडचिरोलीत जप्त झालेल्या किंवा शरण आलेल्यांनी जमा केलेल्या हत्यारांच्या याद्या बघा. ए.के., इन्सास, एस.एल.आर., भरमार (तोंडाकडून दारू भरायच्या बंदुका), आणि मध्येच थ्री नॉट थ्री. जिथे दुसरं काही मिळत नाही तिथे ती कामाचीच ठरते. हे मात्र तक्त्यावर नको.

२२ डिसेंबर

पहिला मसुदा आर.पी.आय. साहेबांना दाखवला. सहाशे शब्द. त्यांनी अर्ध्या मिनिटात परत दिला. "ताई, मुलं ओळीत चालत जातात. थांबतात किती? मागचा ढकलेपर्यंत."

सत्तर शब्दांवर आणला. डावीकडे 'हिला जमतं ते': लांबचा नेम, जड गोळी, चिखल-बर्फात हाताने चालणारा बोल्ट. उजवीकडे 'हिला जमत नाही ते': झटपट दुसरी गोळी, जिन्यातली वळणं, दुर्बीण बसवणं, पावसात नेम टिकवणं. खाली रुंद पट्टी: 'हिला आज लागतं ते': काडतूस, सुटे भाग, सराव. पट्टीवर बाबांनी 'आर्मोरर' हा चौथा शब्द पेन्सिलीने लिहिला. मी ठेवला.

सव्वीस अकराबद्दल एकच ओळ, जिल्लू यादव यांची. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि काही न बोलता राहू दिली.

४ जानेवारी २०२५

प्रदर्शनाचा तिसरा दिवस. अकरा शाळा होऊन गेल्या. साखरेच्या पिशव्यांनी बाजी मारली, पहिल्याच दिवशी एक फुटली आणि टेबलाखाली मुंग्या. गर्दी ए.के.च्या टेबलाशीच होती, त्यात नवल नाही. पण बोल्ट ओढायला मिळतो हे पसरल्यावर आमच्याकडे रांग लागली. बहुतेक मुलांना रायफल खांद्याला लावून दोन श्वासही पेलत नव्हती. "ही आता चालते का?" हे नऊ जणांनी विचारलं. बाबांनी प्रत्येकाला सांगितलं, "ओढून बघ, मग तू सांग."

गेल्या वर्षीचा तो शिपाई पलीकडच्या टेबलावर होता. शोपीस हा शब्द त्याच्या तोंडून ऐकू आला नाही, निदान बाबा जवळ असताना तरी.

९ जानेवारी

सामान कोतात परत. रजिस्टरवर सही करायला गेले तर ड्रिल राउंड नऊच. टेबलाखाली पाहिलं, साखरेच्या पोत्यात पाहिलं, बाबांचे खिसे पाहिले. शेवटी बाबांनी मॅगझीन काढून उलटं आपटलं, तेव्हा दहावा आत तळाशी बसलेला निघाला. वर ढकलणारी स्प्रिंग मेली होती. त्या दिवशी तेल कमी नव्हतंच.

दुसरी स्प्रिंग आहे का विचारलं. कोत-हवालदार म्हणाले, "ताई, मी इथे आल्यापासून पाहिली नाही." तरी बाबांनी मागणीचा कागद मागून घेतला आणि लिहिलं: मॅगझीन स्प्रिंग, .३०३, नग १. हवालदारांनी हसत हसत त्यावर आवक क्रमांक टाकला. बाबा शिक्का बसेपर्यंत तिथेच उभे होते.